दाब, धर, सोड

देओदातू मागच्या उजव्या चाकापाशी आडवा झालाय.
आरशात मला त्याचा एकच बूट दिसतो,
टाच बाहेरून झिजलेली, शाळेत होती तश्शीच.
"दाब," तो म्हणतो.
मी पेडल दाबते.
"धर."
धरते.
बरणीत बुडबुडे सुटल्याचं ऐकू येतं.
(बरणी मावशीच्या मुरंब्याची, लेबल अजून चिकटलेलं.)
"सोड."

अकरा महिन्यांतलं
आमचं हे सर्वांत लांब संभाषण.

मागच्या ऑगस्टात, फायालच्या उतारावर,
शर्यतीच्या पाचव्या वळणाला
पेडल पायाखालून गेलं,
अंधारात नसलेल्या पायरीवर पाऊल टाकावं तसं.
पुढे काळ्या दगडाची भिंत होती. ती हलली नाही.
तो म्हणाला, तू ब्रेक तापवलेस.
मी म्हणाले, तू नीट आवळलं नव्हतंस.
तेव्हापासून आई आम्हाला
वेगवेगळ्या रविवारी जेवायला बोलावते.

मग या मेमध्ये फोन.
ब्रेकमधली हवा एकट्याने काढता येत नाही, म्हणाला.
येते.
त्याचा पंप मिळतो, चाळीस युरोला.
त्याला ठाऊक आहे, मलाही.
पंपाचं नाव कुणीच काढलं नाही.

मी आले तेव्हा काही न बोलता
त्याने चिंधी पुढे केली, चिंधीवर बोल्ट,
मास्टर सिलिंडरमधून काढलेला, जुना.
मी आट्यांवरून नख फिरवलं.
"इंची," मी म्हणाले.
"हो."
सिलिंडर मिलिमीटरचा.
फरक अर्ध्या मिलिमीटरचाही नाही.
चुकीचा बोल्ट अडला असता तर बरं झालं असतं,
पण तो बोटांनीच सरसर आत जातो,
शेवटी घट्ट बसल्याचं सोंग करतो,
आणि आतले आटे हळूहळू खाऊन टाकतो.
बरोबरचा बोल्टच जरा कुरकुरतो.

नवा सिलिंडर लिस्बनहून आला, नऊ दिवसांनी.
नव्या नळ्या पोलादी वेणीच्या.
वेणी खरी, पण कापताना तारा उसवतात,
आधी टेप गुंडाळावी लागते.
एका नळीला तो विसरला असणार,
अंगठ्यावर रक्ताचे तीन ठिपके होते.
आतली नळी दाबाने फुगायला बघते,
वेणी फुगू देत नाही.
बोल्टच्या दोन्ही अंगांना तांब्याचे वॉशर, कोरे.
जुने तो वेचून डब्यात टाकत होता.
एकदा दबलेलं तांबं
पुन्हा तसं दबत नाही.

"दाब."
उजवं मागचं झालं, मग डावं.
ब्रेक ऑइलचा थेंब मडगार्डवर उडाला,
तो पाणी घेऊन धावला, रंग जायच्या आत.
"धर."
पुढचं उजवं.
खालच्या रस्त्याने केळ्यांचा ट्रक चढत होता,
गिअर बदलताना कण्हत.
"सोड."
दर वेळी पेडल थोडं वर भेटायचं,
थोडं अधिक टणक.

शेवटी तो म्हणाला, "आता जोरात."
पाचव्या वळणाला दाबलं होतं
तेवढ्या जोराने मी दाबलं.
गुडघा थरथरला. पेडल नाही.
खालून काही आवाज आला नाही.
बूटही हलला नाही बराच वेळ.

मग आम्ही चाकांखाली, सिलिंडरखाली
वर्तमानपत्रं पसरली.
थेंब पडला तर सकाळी कळेल.
म्हणजे आता घरी जायला हरकत नव्हती.
पण आम्ही पायरीवर बसून राहिलो,
कागदाकडे बघत,
फुटबॉलचे आठवड्याचे निकाल उलटे वाचत.

"या रविवारी कुणाची पाळी?"
"तुझी."
तो चिंधीतला बोल्ट फिरवत राहिला.
"तू पण ये," म्हणाला. "हीच घेऊन ये.
खालच्या रस्त्याने."

"फायालवरून येईन," मी म्हणाले.